मिठाच्या वाटेवरचं राज्य

जोमसोमला सकाळचे अकरा वाजले की वारा सुटतो. मग ऊन कलेपर्यंत तो थांबायचं नाव घेत नाही. ताशी पन्नास-साठ किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. विमानं त्याच्या आधीच येऊन-जाऊन मोकळी झालेली असतात. दुकानांची दारं निम्मी ओढली जातात आणि काली गंडकीच्या रुंद, कोरड्या पात्रातली वाळू उठून उत्तरेकडे धावू लागते. त्यामागचं गणित सरळ आहे. उत्तरेचं उघडंबोडकं पठार उन्हानं तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा धावते. मधे हिमालयाची भिंत उभी आहे आणि त्या भिंतीला या भागात एकच मोठं खिंडार आहे. एका बाजूला 8,167 मीटरचा धवलगिरी, दुसऱ्या बाजूला 8,091 मीटरची अन्नपूर्णा, आणि मधल्या घळीतून ही सगळी हवा घुसते.

ही घळ नदीनं कापली. हिमालय वर येऊ लागला त्याच्या आधीपासून काली गंडकी इथून वाहत होती. पर्वत चढत गेला, नदी कापत गेली. त्यामुळे तिबेटच्या पठारावरून भारतीय मैदानात उतरायला निसर्गानंच एक वाट ठेवली. वाऱ्यानं ती वापरली, पक्ष्यांनी वापरली आणि माणसांनी तर शतकानुशतकं वापरली.

नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग म्हणजे लो. इथली माणसं स्वतःला लोबा म्हणवतात, तिबेटीच्या जवळची भाषा बोलतात आणि बौद्ध धर्माचा साक्य पंथ पाळतात. परदेशी माणसाला या भागात एकट्यानं हिंडता येत नाही, नोंदणीकृत गाईड लागतोच. ही दारंसुद्धा 1992 साली उघडली. त्याआधी मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशानं 1964 साली इथे मुक्काम केला आणि आपल्या पुस्तकाच्या नावातच या मुलखाला ‘हरवलेलं तिबेटी राज्य’ म्हटलं. ते बिरुद चिकटलं ते कायमचं. पुण्या-नाशिकहून आलेल्या ज्या छोट्या गटाची ही हकिकत, तोही तेच चित्र डोक्यात घेऊन आला होता: जगापासून तुटलेला, काळ थांबलेला प्रदेश. जसजशी पावलं उत्तरेकडे पडत गेली, तसतसं या चित्राचे तुकडे पडत गेले.

जोमसोमपासून वर गेलं की कागबेनी लागतं. पूर्वेकडून मुक्तिनाथच्या बाजूनं येणारा ओढा इथे काली गंडकीला मिळतो. या संगमावर हिंदू यात्रेकरू पितरांचं श्राद्ध करतात. आणि संगमापासून हाकेच्या अंतरावर 1429 साली स्थापन झालेला लाल भिंतींचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आहे. गावाच्या वेशीवर मातीचे दोन राखणदार बसवले आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री. दोघांचेही अवयव कसलाही संकोच न करता घडवलेले. हे दैवत हिंदूंचं नाही आणि गोंपातल्या बुद्धाच्या परिवारातलंही नाही. दोघांच्याही आधीचं आहे. तरी गावातलं कुणी त्याला हात लावायचा विचार करत नाही, कारण भुताखेतांना वेशीबाहेर ठेवायचं काम त्याच्याकडे आहे.

शाळिग्राम विकणाऱ्या बायका इथूनच दिसायला लागतात. काळ्या, गुळगुळीत दगडाचे दोन भाग वेगळे केले की आत शंखासारखी वळणं उमटलेली असतात, बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी देव्हाऱ्यांत पंचायतनातला विष्णू म्हणून हाच दगड बसलेला असतो आणि तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणूनही तो उभा राहतो. भूगर्भशास्त्राच्या भाषेत हा अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचा जीवाश्म, चौदा-सोळा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे टेथिस समुद्र होता. भारताचा भूखंड आशियावर येऊन आदळला, समुद्राचा तळ दुमडून वर उचलला गेला आणि त्यातले काळे दगड आता गंडकी झिजवून खाली आणते. गटात एक निवृत्त भूगोल-शिक्षिका होत्या. इतकी वर्षं वर्गात फळ्यावर काढलेला समुद्र त्यांना इथे तळहातावर मिळाला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि मग घासाघीस न करता विकत घेतला.

कागबेनीच्या ओढ्याकाठी काही ठिकाणी घरांचे नुसते पाये दिसतात. 13 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी या ओढ्याला चिखल-दगडांचा लोंढा आला आणि घरं, पूल घेऊन गेला. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पोखऱ्याजवळच्या लुम्ले गावात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साठ किलोमीटरही लांब नसलेल्या जोमसोमला 300 मिलिमीटरसुद्धा पडत नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यातला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. इथे फक्त सह्याद्रीच्या जागी आठ हजार मीटरची रांग आहे. अशा ठिकाणी पाऊस वाढला तर आनंद व्हायला हवा, असं गटातल्या कुणीतरी बोलून दाखवलं.

‘नाही दिदी,’ गाईड बाईंना म्हणाला, ‘आमची घरं मातीची. छपरं सपाट. आम्हाला हिमवर्षाव हवा, पाऊस नको.’

हिवाळ्यात पडलेलं बर्फ हळूहळू वितळतं आणि पेरणीच्या वेळी पाटाला येतं. पाऊस मात्र आला तसा वाहून जातो, जाताना छप्पर गळवतो. अलीकडे बर्फ कमी आणि पाऊस जास्त, अशी तक्रार या वाटेवरच्या बहुतेक गावांत ऐकू येते.

कागबेनीच्या पुढे तांग्बे, चुसांग, चेले ही गावं लागतात. लोबा अजून सुरू झालेले नसतात. इथल्या पाच गावांची बोली वेगळी आहे, सेके नावाची. जगात ती बोलणारी माणसं सातशेच्या आसपास. त्यातली शंभराहून अधिक न्यूयॉर्कमध्ये राहतात आणि त्यातलीही निम्मी ब्रुकलिनमधल्या एकाच इमारतीत. मुस्तांगच्या जवळजवळ प्रत्येक गावातून कुणी ना कुणी क्वीन्सला किंवा ब्रुकलिनला गेलेलं आहे. इथल्या मातीच्या भिंतीवर टांगलेल्या फोटोत बर्फ दिसलं, तर ते हिमालयाचंच असेल असं धरून चालता येत नाही.

चेलेच्या खाली काली गंडकी तांबूस कड्याच्या पोटातून वाहत येते. लोखंडी पुलावरून नदी ओलांडली की खरा चढ सुरू होतो. कड्यात कोरलेली पायवाट, एका बाजूला दरी आणि पाठीवर ढकलणारा वारा. उत्तरेकडे जाताना तो निदान मदतीला असतो. समर गावानंतर जुनी वाट मोटाररस्ता सोडून एका खोल घळीत उतरते आणि चुंगसीच्या गुहेशी पोचते. गुरू पद्मसंभव आठव्या शतकात तिबेटला जाताना इथे ध्यानाला बसले होते, अशी श्रद्धा आहे. गुहेतल्या नैसर्गिक सुळक्यांनाच भाविक स्तूप आणि बुद्ध मानतात. बाहेर जुनिपरची झुडपं आहेत. त्यांचा पाला धुपासाठी जाळतात, त्यामुळे गुहेच्या तोंडाशी एक गोड, राळेसारखा वास असतो.

घिलिंगच्या मुक्कामात घरातली सर्वांत महत्त्वाची खोली कुठली, ते लगेच कळलं. ती म्हणजे स्वयंपाकघर. मधोमध लोखंडी चूल, त्यात शेणाच्या गोवऱ्या आणि बकऱ्यांच्या लेंड्या. भिंतीवर तांब्या-पितळेची भांडी लखलखीत ओळीनं मांडलेली. घराची ऐपत या ओळीवरून जोखतात. दुसरी खूण छपरावर असते. सपाट गच्चीच्या कडेनं सरपण रचून ठेवलेलं असतं. या मुलखात झाड म्हणजे पाटाच्या काठी लावलेला पॉपलर किंवा विलो, त्यामुळे लाकूड हीच ठेव. ते सहसा जाळत नाहीत, दाखवतात.

घरधनीण लाकडी नळकांड्यात चहा घुसळत होती. चहाचा काढा, मीठ आणि लोणी. वाडग्यातला एक घोट घेतला की ती वाडगा पुन्हा काठोकाठ भरायची. गटातल्या दोघांनी शिष्टाचार म्हणून वाडगा रिकामा करायचा चंग बांधला आणि मग त्यांची सुटका होईना. गाईडनं युक्ती सांगितली: भरलेला वाडगा तसाच ठेवायचा आणि निघायच्या वेळी संपवायचा. जेवायला फापराची भाकरी, बटाटा आणि पातळ वरण. वरणाला जिंबूची फोडणी. जिंबू ही डोंगरात उगवणारी कांद्याच्या कुळातली पात, सुकवून ठेवतात. चटणीत मात्र एक ओळखीची चव होती. नेपाळचं टिमुर आणि कोकणातल्या माशांच्या आमटीतलं तिरफळ ही एकाच कुळातली भावंडं आहेत.

बाईंनी हिंदीत विचारलं आणि घरधनिणीनं चांगल्या हिंदीत उत्तर दिलं, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. कारण साधं होतं. लोचे लोक हिवाळ्यात गावात राहत नाहीत. पिकं निघाली, थंडी उतरली की म्हातारी माणसं आणि जनावरांपुरते हात मागे ठेवून बाकीचे खाली उतरतात. पूर्वी घोडे, लोकर आणि औषधी मुळं घेऊन उतरायचे. गेल्या काही दशकांत लुधियानातून घाऊक भावात स्वेटर उचलून उत्तर आणि ईशान्य भारतातल्या शहरांत विकतात. हिची तरुणपणची कितीतरी थंडी आसामातल्या रस्त्याच्या कडेला स्वेटर विकण्यात गेली होती. थंडीच्या दिवसांत गावोगावी लागणाऱ्या स्वेटरच्या दुकानांतली सगळी माणसं तिबेटी निर्वासितच असतात, असं आपण धरून चालतो. त्यातली काही या वाटेवरच्या घरांतून आलेली असतात.

घमीच्या पुढे वाट मैदानात उतरते आणि एक लांबच लांब मणी-भिंत सुरू होते. कोरलेल्या मंत्रांचे दगड एकावर एक रचलेली ही भिंत नेपाळमधली सर्वांत लांब म्हणून ओळखली जाते. तिला डाव्या हाताला घालून नव्हे, उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे प्रदक्षिणा घडते. पलीकडे धाकमारचे कडे रक्तासारखे लाल आहेत. दोन्हीची कथा एकच. पद्मसंभवानं इथे एका राक्षसिणीला मारलं. तिचं रक्त उडालं ते कड्यांवर आणि आतडी पडली तिथे ही भिंत उभी राहिली. पुढचा घार गोंपा तिच्या हृदयाच्या जागी बांधला म्हणतात. तिबेटातला साम्ये हा पहिला मोठा मठ बांधताना भिंती दिवसा उभ्या राहायच्या आणि रात्री पडायच्या. तेव्हा गुरूंनी आधी इथे गोंपा बांधायला सांगितलं, अशी लोची समजूत आहे. भूगोलाच्या बाईंनी लाल रंगाचं श्रेय खडकातल्या लोहाला दिलं. गाईडनं ते मान्य केलं आणि राक्षसिणीची कथाही मागे घेतली नाही.

या भागात रंग उगीच लावलेले नसतात. घरांच्या, गोंपांच्या भिंतींवर राखाडी, पांढरे आणि तांबडे उभे पट्टे दिसले की साक्य पंथ ओळखावा. वेशीवर तीन स्तूप शेजारी शेजारी असतात तेव्हा तांबडा मंजुश्रीचा, पांढरा अवलोकितेश्वराचा आणि राखाडी-निळा वज्रपाणीचा. प्रज्ञा, करुणा आणि सामर्थ्य. रंग आसपासच्या डोंगरांतल्या मातीचेच, पाण्यात कालवून भांड्यानं भिंतीवरून ओतलेले. त्यामुळे गाव डोंगरातून उगवल्यासारखं दिसतं.

त्सारांगचा पाच मजली किल्लेवजा वाडा दरीच्या टोकावर उभा आहे. ‘हरवलेलं राज्य’ या कल्पनेला पहिला मोठा तडा इथे गेला. एकाई कावागुची हा जपानी भिक्षू बौद्ध ग्रंथांची मूळ तिबेटी भाषांतरं शोधायला निघाला होता. दार्जिलिंगला शरच्चंद्र दासांच्या मदतीनं तो तिबेटी शिकला आणि 1899 साली नेपाळमार्गे इथे येऊन पोचला. तिबेटची सीमा परक्यांना बंद होती. त्यानं जवळजवळ वर्षभर त्सारांगला राहून एका मंगोल पंडिताबरोबर ग्रंथांचा अभ्यास केला, पाठीवर दगड घेऊन डोंगर चढायचा सराव केला आणि 1900 साली डोल्पोमार्गे तिबेटमध्ये शिरला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या कोपऱ्यातल्या गावात एक जपानी आणि एक मंगोल माणूस तिबेटी व्याकरणावर वाद घालत बसले होते. तुटलेल्या जागेचं हे लक्षण नव्हे.

लोच्या श्रीमंतीचं मूळ मिठात होतं. तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचं मीठ याक आणि मेंढ्यांच्या पाठीवरून दक्षिणेला यायचं, दक्षिणेचं धान्य उत्तरेला जायचं. दोन्हीची अदलाबदल काली गंडकीच्या काठाकाठानं. जो वाट राखील, तो जकात घेईल. आमे पाल या सरदारानं लोचं राज्य उभं केलं, परंपरेनं त्याचं साल 1380 सांगतात. पुढे हे राज्य जुम्ला राज्याचं मांडलिक झालं आणि 1789 साली गोरखा राज्यात आलं. तरी राजा गादीवर राहिला. जकातीचा मक्ता मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालच्या खोऱ्यातल्या थकाली व्यापाऱ्यांकडे गेला आणि फायद्याचा मोठा वाटा तिकडे वळला. 1959 नंतर चीननं सीमा आवळली, भारतातलं स्वस्त समुद्री मीठ डोंगरात पोचलं आणि काही वर्षांत हा सगळा डोलारा बसला. थकाली पोखरा-काठमांडूला गेले, खाणावळी काढल्या. आज नेपाळभर ‘थकाली भान्सा’ची पाटी दिसते ती त्यामुळे. लोबांकडे जायला दुसरी जागा नव्हती.

दारं बंद झाली ती याच सुमाराला. चीनविरुद्ध लढणाऱ्या तिबेटी खाम्पा योद्ध्यांनी 1960 पासून मुस्तांगात तळ ठोकले. त्यांना अमेरिकेच्या सीआयएची शस्त्रं आणि पैसा मिळत होता. अमेरिका-चीन संबंध सुधारले तशी ती मदत आटली. 1974 साली नेपाळनं फौज पाठवली आणि दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश छावण्यांत ऐकवला गेला: शस्त्रं खाली ठेवा. बऱ्याच जणांनी ठेवली. काहींनी स्वतःचा जीव घेतला. उरलेल्यांना घेऊन भारताकडे निघालेला सेनापती वांगदू सीमेजवळ मारला गेला. परदेशी माणसाला इथे मज्जाव होता तो या शीतयुद्धाच्या हिशेबामुळे.

आणि मग खिंडीवरून लो मान्थांग दिसतं. करड्या माळावर हिरव्या-गुलाबी शेतांचा तुकडा आणि त्याच्या मधोमध सुमारे सहा मीटर उंचीची मातीची तटबंदी. गुलाबी रंग फुललेल्या फापराचा. तटाला परंपरेनं एकच मुख्य दरवाजा. आत दीडशेच्या वर घरं, एकमेकांना चिकटून, मधल्या बोळांतून दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील. बोळ असे अरुंद का, ते दुपारी वारा सुटला की समजतं. चौकात राजाचा वाडा. शेवटचे राजे जिग्मे दोर्जे पालबार बिस्टा आमे पालच्या पंचविसाव्या पिढीतले मानले जात. 2008 साली नेपाळनं राजेशाही संपवली तेव्हा त्यांचीही पदवी गेली. पण 2016 साली त्यांचं निधन होईपर्यंत पाण्याच्या पाळीचे आणि बांधाचे तंटे घेऊन लोक त्यांच्याकडेच येत होते.

या गावाचं खरं वैभव भिंतींच्या आत आहे. जाम्पा ल्हाखांग हे मंदिर 1448 चं, थुबचेन 1472 चं. पंधराव्या शतकात न्गोरचेन कुंगा झांग्पो हे साक्य परंपरेतले मोठे आचार्य तीनदा लोला आले आणि मिठाच्या जकातीतून आलेला पैसा मंदिरांकडे वळला. चित्रं काढायला काठमांडू खोऱ्यातले नेवार कलाकार बोलावले. जाम्पाच्या माडीवर भिंतभर मंडलं आहेत. टॉर्चचा झोत तिरका धरला की एखाद्या देवतेच्या बाजूबंदाची सोनेरी रेघ भिंतीपासून किंचित उचललेली दिसते. आधी मातीचा उंचवटा रेखून त्यावर सोनं चढवलेलं. निळा रंग अझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा, लाल हिंगुळाचा. पाच शतकांची दिव्यांची काजळी, गळती छपरं आणि भूकंप यांनी हे सगळं जायच्या बेताला आलं होतं.

अमेरिकन हिमालयन फाउंडेशनच्या मदतीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला डागडुजी सुरू झाली. पुढे इटालियन तज्ज्ञ लुइजी फिएनी यांनी गावातल्याच शेतकरी बायका-पुरुषांना हे काम शिकवलं. पोकळ झालेल्या गिलाव्यामागे सुईनं मसाला भरायचा, काजळी बोटभर बोटभर काढायची. अडचण पुढे आली. जिथे चित्रच गळून पडलं होतं, तिथे काय करायचं? युरोपातली रीत अशी की मोकळी जागा मोकळी ठेवावी, नवं रंगवून जुन्याचा आभास निर्माण करू नये. भिक्षूंनी आणि गावकऱ्यांनी विचारलं की नाक-डोळे नसलेल्या देवाची पूजा कशी करायची? शेवटी गावाचं म्हणणं चाललं आणि रिकाम्या जागा त्याच खनिज रंगांनी भरल्या गेल्या. काही कला-इतिहासकार त्यावर आजही नाराज आहेत. पण जाम्पात संध्याकाळी एक म्हातारी माळ ओढत प्रदक्षिणा घालताना दिसली की हे देऊळ संग्रहालय झालेलं नाही, एवढं लक्षात येतं.

लो मान्थांगच्या उत्तरेला छोसेरचे कडे आहेत आणि त्या कड्यांत माणसांनी कोरलेल्या गुहा. साऱ्या मुस्तांगात अशा सुमारे दहा हजार गुहा असाव्यात, असा अंदाज आहे. शिजा जोंग ही पाच मजली गुहा आत जाऊन पाहता येते. शिड्या, कुबट अंधार, गुडघे टेकून जायचे बोगदे आणि चाळीसेक खोल्या. तीनेक हजार वर्षांपूर्वी या गुहा मृतांसाठी होत्या. हजार वर्षांपूर्वी लढायांच्या धामधुमीत जिवंत माणसं त्यात राहायला गेली. पंधराव्या शतकापर्यंत ती पुन्हा खाली गावात आली आणि गुहा भिक्षूंच्या ध्यानाला आणि धान्याच्या कोठारांना उरल्या. जवळच्या समजोंगच्या गुहांत दीड हजार वर्षांपूर्वीची दफनं सापडली. त्यात सोन्या-चांदीचा मुखवटा, रेशमाचे धागे आणि दूरदेशीचे काचमणी होते. रेशमाची नि काचेची वाट तेव्हाही इथूनच जात होती.

समजोंग गाव मात्र आता जुन्या जागी नाही. झरे आटले, शेती बसली. राजानं दिलेल्या जमिनीवर, लो मान्थांगजवळ नमाशुंग इथे वस्ती हलवण्यात आली. धे गावाचीही तीच कथा. पाणी या समाजाचा पाया आहे आणि जमीन न तोडणं हा नियम. म्हणून इथे सगळ्या भावांनी मिळून एकाच बायकोशी लग्न करण्याची चाल होती, एखाद्याला गोंपात पाठवण्याची होती. शेताचे तुकडे पडायचे नाहीत. हल्लीच्या मुलांनी ही चाल सोडली आहे. शिक्षण आणि परदेशी नोकऱ्या आल्यावर शेताच्या तुकड्याची भीती उरली नाही.

लो मान्थांगहून कोरालापर्यंत मोटार जाते. 4,660 मीटर उंचीची ही खिंड खिंडीसारखी वाटतच नाही. नुसता माळ, त्यावर कुंपण आणि पलीकडे चीनचा डांबरी रस्ता. 1999 च्या अखेरीला तिबेटी बौद्ध धर्मगुरू, सतरावे कर्मापा ओग्येन त्रिनले दोर्जे तिबेटमधून निसटले आणि मुस्तांगातूनच भारतात पोचले. त्यानंतर इथला पहारा कडक झाला. दुसरीकडे व्यापार वाढत गेला. ठरावीक काळानं भरणाऱ्या सीमेवरच्या बाजारातून थर्मास, ब्लँकेट, बिअर, सौर दिवे लोच्या घराघरांत पोचले. नोव्हेंबर 2023 मध्ये हे नाकं व्यापारासाठी अधिकृतपणे खुलं झालं. जोमसोमकडून येणारा रस्ताही इथवर भिडला आहे. पायी चालणाऱ्यांना धुरळा खावा लागतो आणि ते नाराज होतात. गाईडला विचारलं तर तो म्हणाला, ‘माझ्या आमाला दवाखान्यात न्यायला पूर्वी घोडा लागायचा.’ वाद तिथेच संपला.

परतीची वाट पूर्वेच्या बाजूनं होती. तिकडे गाड्यांची वर्दळ नाही आणि पाणीही नाही. याराच्या वरच्या कड्यातला लुरी गोंपा म्हणजे मातीच्या सुळक्यांमधली एक खोली. आत एक रंगीत स्तूप, भोवती महासिद्धांची चित्रं, इतक्या मुलायम रेषेची की या ओसाडीत ती कुणी आणि कुणासाठी काढली असतील, हा प्रश्न पडावा. पुढचा मोठा पल्ला काटून तेतांगला उतरलं की तिथे जुनी मिठाची खाण आहे. तिथून ग्यु ला ही खिंड ओलांडली की मुक्तिनाथ.

तिथे एकशे आठ धारांखाली ओले होऊन कुडकुडणारे यात्रेकरू मराठीत बोलत होते. श्रीवैष्णवांच्या एकशे आठ दिव्यदेशांतलं हे स्थान. पण देवळाची रोजची देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात आणि शेजारच्या गोंपात खडकातल्या नैसर्गिक वायूवर जळणारी ज्वालामाईची ज्योतही त्याच सांभाळतात. बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन, शाळिग्राम पिशवीत टाकून त्याच दिवशी खाली उतरतात.

त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: ज्या दगडासाठी इतक्या लांब आलात, तो येतो त्या खोऱ्यात आणखी थोडं वर जा. ‘हरवलेलं राज्य’ बघायला मात्र जाऊ नका, ते तिथे कधीच नव्हतं. हजारो वर्षांची एक रहदारीची वाट आहे. ती विसाव्या शतकात तीसेक वर्षं बंद पडली आणि आता पुन्हा वाहती झाली आहे. आणि मुस्तांग पर्जन्यछायेत असल्यामुळे, आपल्याकडे धुवांधार पाऊस कोसळत असतो त्या जुलै-ऑगस्टमध्येही तिथे चालता येतं. फापर फुलतो तो याच दिवसांच्या शेवटी.